बांबूच्या धाग्यांचा शोध

मुलांनो, बांबूची टोपली तुम्ही पाहिली असेल, सूप पाहिलं असेल. आकाशकंदिलाचा सांगाडा तर तुमच्यापैकी कित्येकांनी बांबूच्या कामट्या तासून स्वतःच बांधला असेल. पण मतमोजणीच्या टेबलावर कुणी बांबू शोधतंय, असं कधी ऐकलंय का? २०२१ साली अमेरिकेत हे खरोखर घडलं, बरं का!

अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं वाळवंटी राज्य आहे. तिथल्या फिनिक्स शहरातल्या एका मोठ्या क्रीडागारात एप्रिल महिन्यात एकच गडबड उडाली. मॅरिकोपा नावाच्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा) सुमारे २१ लाख मतपत्रिका खोक्यांत भरून तिथे आणल्या गेल्या. गरगर फिरणारी टेबलं मांडली. भोवती बसलेली माणसं समोर फिरत येणारी मतपत्रिका बघायची आणि आपापल्या कागदावर खुणा करायची. दुसऱ्या बाजूला कॅमेरे लावून मतपत्रिकांचे बारीक फोटो काढणं चालू होतं. इतकं जवळून काय बघता, असं पत्रकारांनी विचारलं. तेव्हा मदतीला आलेल्या एका कार्यकर्त्याने सांगितलं, की आशियातून ४० हजार मतपत्रिका विमानाने आणून इथल्या मतांत मिसळल्याचा आरोप आहे, म्हणून कागदात बांबूचे धागे सापडतात का ते आम्ही तपासतोय.

म्हणजे कल्पना अशी, की आशियातला कागद बांबूचाच असणार! आता आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरला बांबूपासून कागद बनवला जायचा, हे खरं आहे. पण म्हणून आशियातला झाडून सगळा कागद बांबूचा कसा होईल? ते जाऊ दे. मुद्दा असा, की कुणीतरी एक गोष्ट सांगितली, दुसऱ्याने ती पुढे नेली आणि वर्ष उलटायच्या आत मोठी माणसं कागदात बांबू शोधू लागली. ही गोष्ट आली कुठून?

परदेशी चोरांच्या चार कथा

३ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प हरले, जो बायडेन जिंकले. आणि मग एकामागून एक कथा बाहेर येऊ लागल्या. अमेरिकेची मतं म्हणे जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या संगणकावर मोजली गेली आणि अमेरिकेच्या सैन्याने तिथे धाड घालून तो संगणक ताब्यात घेतला! दुसरी कथा इटलीची. तिथल्या एका कंपनीच्या उपग्रहाने म्हणे मतं फिरवली. तिसरी व्हेनेझुएलाची. मतयंत्रांतला प्रोग्राम म्हणे त्या देशाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या सांगण्यावरून बनवलेला. (चावेझ २०१३ साली वारले.) चौथी अर्थात चीनची.

तुम्ही म्हणाल, बाई, चारही देशांनी एकाच वेळी एकच निवडणूक चोरली की काय? मलाही तोच प्रश्न पडला. फ्रँकफर्ट खरं असेल तर इटलीच्या उपग्रहाचं काय काम होतं? चोरीच्या चार वेगवेगळ्या हकिकती असल्या, तर पोलीस आधी सांगणाऱ्यांनाच समोर बसवतात ना?

फ्रँकफर्टची गोष्ट सर्वांत आधी कोसळली. धाड घातलीच नाही, असं सैन्याने सांगितलं. ज्या स्पॅनिश कंपनीचं नाव घेतलं जात होतं, तिने सांगितलं की आमचा फ्रँकफर्टमध्ये संगणकच नाही आणि अमेरिकेची मतं आम्ही मोजतही नाही. व्हेनेझुएलाच्या कथेत 'स्मार्टमॅटिक' नावाच्या कंपनीचं नाव होतं. तिचे संस्थापक मूळचे व्हेनेझुएलाचे, एवढं खरं. पण त्या निवडणुकीत तिची यंत्रं साऱ्या अमेरिकेत फक्त एका काउंटीत होती, लॉस एंजेलिसमध्ये. बाकी ठिकाणी तिचं यंत्रच नव्हतं, तर तिने मतं फिरवली कशी?

पण कथा कशी असते माहीत आहे ना? एक खोटी ठरली की सांगणारा म्हणतो, "अहो, ती नाही, दुसरी!" सरकारच्या सायबर सुरक्षा खात्याचे प्रमुख क्रिस क्रेब्ज यांना खुद्द ट्रम्प यांच्याच काळात नेमलेलं. त्यांच्या खात्याने आणि निवडणूक अधिकाऱ्यांनी मिळून १२ नोव्हेंबरला जाहीर केलं, की कुठल्याही यंत्राने मतं पुसली किंवा बदलली याचा काहीही पुरावा नाही. पाच दिवसांनी क्रेब्ज यांना नोकरीवरून काढून टाकलं.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेसारखी मतपत्रिका

आता तिकडे मत देतात कसं, ते सांगते. ते कळल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

तुमच्यापैकी पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा कुणी दिली आहे? उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल काळा करायचा असतो आणि तपासतं ते यंत्र. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मत असंच देतात. छापील मतपत्रिका, त्यावर उमेदवाराच्या नावाशेजारचा लंबगोल पेनाने भरायचा, मग ती यंत्रात सरकवायची. यंत्र गोल वाचून मत मोजतं आणि कागद खालच्या पेटीत पडतो. काही राज्यांत पडद्यावर बोट लावतात, पण तिथेही बहुतेक जागी मतदाराच्या निवडीचा कागद छापून बाहेर येतो. २०२० साली सुमारे ९५ टक्के मतांचा असा कागदी पुरावा होता, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. अशा निवडणुकीचे कागद २२ महिने जपून ठेवायचे, असा तिथे कायदाच आहे.

म्हणजे बघा हं. समजा, फ्रँकफर्टच्या, इटलीच्या नाहीतर चीनच्या चोराने यंत्राच्या पोटातला आकडा बदललाच. तरी पेटीतल्या कागदावर मतदाराने पेनाने भरलेला गोल तो तिकडे बसून कसा पुसणार? यंत्राने चोरी केली का, हे यंत्राला विचारायचं कारणच नाही. पेटी उघडायची आणि कागद हाताने मोजायचे.

आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात मॉनिटर निवडायचा होता. मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या, मी मोजल्या आणि दोन मतांनी एक मुलगी निवडून आली. मधल्या सुट्टीनंतर बातमी आली, की 'ब' तुकडीतल्या पोरांनी डब्यातल्या चिठ्ठ्या बदलल्या. कुणी पाहिलं? कुणीच नाही. "त्याने सांगितलं", "तिने सांगितलं" असं करत करत आम्ही अर्धा वर्ग फिरून आलो. मग मी चिठ्ठ्यांचा डबा टेबलावर ठेवला. हरलेल्या मुलालाच पुढे बोलावलं आणि मोजायला सांगितलं. त्याने दोनदा मोजल्या. दोन मतांचा फरक तेवढाच राहिला. 'ब' तुकडीवरचा आळ गेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. नाहीतर दोन्ही तुकड्यांची डबा खायच्या वेळी रोज भांडणं झाली असती.

पन्नास लाख कागद

जॉर्जिया राज्याने हेच केलं, फक्त डबा फारच मोठा होता. सुमारे ५० लाख मतपत्रिका! राज्यातल्या सगळ्या म्हणजे १५९ काउंट्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये त्या हाताने मोजल्या. आणि ऐका, चुका सापडल्या. काही काउंट्यांत मतं मोजायचीच राहून गेली होती. कुठे मतपत्रिका यंत्रात घातल्याच नव्हत्या, कुठे मेमरी कार्डातला आकडा बेरजेत घेतला नव्हता. त्यामुळे बायडेन यांची आघाडी हजारापेक्षा जास्त मतांनी कमी झाली. पण या चुका माणसांच्या होत्या. परदेशातून कुणी शिरल्याची खूण कुठेच नव्हती. नंतर पुन्हा एकदा यंत्राने मोजणी झाली. शेवटचा फरक राहिला ११,७७९ मतांचा, बायडेन यांच्याच बाजूने.

इतकं होऊनही अफवा थांबली नाही. जॉर्जियात 'डोमिनियन' या कंपनीची यंत्रं होती. तिथे काम करणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञाचा व्हिडिओ कुणीतरी पसरवला. हा बघा मतं फिरवतोय, असं सांगत. तो बिचारा एक अहवाल संगणकावर उतरवून घेत होता. त्याचं नाव घेऊन लोकांनी फाशीच्या दोराची भाषा केली. १ डिसेंबर २०२० रोजी जॉर्जियाचे निवडणूक अधिकारी गेब्रियल स्टर्लिंग टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आले आणि संतापून म्हणाले, की हे थांबलं नाही तर कुणाचा तरी जीव जाईल. स्टर्लिंग हे ट्रम्प यांच्याच पक्षाचे. पुरावा नसलेली गोष्ट पुढे ढकलताना आपल्याला वाटतं, आपलं काय जातंय? त्या तंत्रज्ञाच्या घरच्यांना विचारा काय जातं ते.

कंपनीचंही काही कमी गेलं नाही. तिने कोर्टात दावा लावला. या कथा दाखवणाऱ्या फॉक्स वाहिनीने एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. रुपयांत किती होतात, त्याचं गणित तुम्हीच करून बघा. वहीच्या एका ओळीत मावतं का ते सांगा.

यंत्र फोडून दाखवणारे प्रोफेसर

आता एका गृहस्थांची ओळख करून देते. प्रोफेसर अ‍ॅलेक्स हॉल्डरमन. मिशिगन विद्यापीठात ते संगणकशास्त्र शिकवतात. मतयंत्रं कशी फोडता येतील, हे शोधून दाखवणं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. चोर म्हणून नव्हे हं, कुलूप किती पक्कं आहे हे सांगणारा कारागीर असतो ना, तसे.

मिशिगनमध्येच अँट्रिम नावाची एक छोटी काउंटी आहे. नेहमी ट्रम्प यांच्या पक्षाला मत देणारी. मतदानाच्या रात्री तिथला पहिला आकडा आला, तो बायडेन तीन हजारांहून जास्त मतांनी पुढे! सगळे चाट पडले. दुसऱ्याच दिवशी चूक सापडली आणि आकडा सुधारला, पण तोवर कथा सुटली होती. यंत्र परदेशातून फिरवलं म्हणे! हॉल्डरमन यांना तपास करायला सांगितलं. मार्च २०२१ मध्ये त्यांनी अहवाल दिला. झालं होतं असं, की ऑक्टोबरमध्ये काही गावांच्या मतपत्रिकेत ऐनवेळी बदल करावा लागला. तो बदल सगळ्या यंत्रांत भरायला हवा होता, काहींत भरायचा राहिला. त्यामुळे एकाच्या रांगेतला आकडा दुसऱ्याच्या रांगेत जाऊन बसला. वर्गातल्या हजेरीपटावर मध्येच एक नवं नाव घुसवलं आणि गुणांच्या तक्त्यात ते घालायचं विसरलं, तर पुढच्या सगळ्यांचे गुण एक-एक घर सरकतील, तसंच हे.

त्याआधी डिसेंबरमध्ये तिथे कागदही हाताने मोजून झाले होते. ट्रम्प यांना जाहीर आकड्यापेक्षा ११ मतं जास्त मिळाली, बायडेन यांना १ कमी. बस्स, एवढाच फरक.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती अशी. हेच हॉल्डरमन जॉर्जियातली यंत्रं तपासून सांगत होते, की यांत खोट आहे, यांत शिरता येईल. २०२२ साली सरकारच्या सायबर खात्याने ती खोट मान्य केली, ती दुरुस्त करायला सांगितलं आणि तिचा कुणी प्रत्यक्ष फायदा घेतल्याचा पुरावा नाही, हेही सांगितलं. म्हणजे "होऊ शकतं" असं म्हणणारा माणूस तोच, आणि "पण इथे झालेलं नाही" असं म्हणणाराही तोच. काही लोकांनी त्याचं पहिलं वाक्य उचललं, दुसरं सोयीस्कर गाळलं. घराचं कुलूप कच्चं आहे, यावरून घरात चोरी झाली असं सिद्ध होत नाही. चोरी झाली म्हणायची, तर काय गेलं ते दाखवावं लागतं. आणि चोरी झाली नाही म्हणून कुलूप पक्कं आहे, असंही नाही! सरकारी माणसं कधीकधी हे दुसरं विसरतात, असं माझं मत आहे.

मग परदेशी चोर नसतातच?

असतात की! मे २०१४ मध्ये युक्रेन देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. रशियाच्या बाजूच्या हॅकर मंडळींनी तिथल्या निवडणूक आयोगाच्या संगणकांत घुसखोरी केली. निकाल जाहीर व्हायच्या थोडाच वेळ आधी तंत्रज्ञांना आत दडवलेला एक प्रोग्राम सापडला. तो तसाच राहिला असता, तर एक टक्काही मतं न मिळालेला एक उमेदवार ३७ टक्क्यांनी पहिला आल्याचं पडद्यावर झळकलं असतं. तंत्रज्ञांनी तो काढून टाकला. आणि गंमत म्हणजे, रशियाच्या एका टीव्ही वाहिनीने त्या संध्याकाळी तोच ३७ टक्क्यांचा आकडा दाखवला! जो आकडा कुठे जाहीरच झाला नव्हता, तो यांच्याकडे आला कसा, असा प्रश्न सगळ्यांना पडला.

युक्रेनची खरी मतं मात्र कागदावर होती. ती मोजली गेली, पेट्रो पोरोशेंको निवडून आले. इथे परदेशी हल्ल्याची गोष्ट नुसती ऐकीव नव्हती. तो प्रोग्राम सापडला होता, तो तपासता येत होता.

दुसरी गोष्ट तर याहून मजेशीर आणि जरा भीतीदायक. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या काही मतदारांना धमकीचे ईमेल आले. त्यासोबत एक व्हिडिओ पसरवला गेला. त्यात म्हणे एक हॅकर मतदारांची माहिती चोरून खोटी मतं टाकून दाखवत होता. तपास झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये इराणच्या दोघांवर खटला दाखल झाला. त्यांनी एका राज्याच्या वेबसाइटवरून एक लाखाहून जास्त मतदारांची माहिती उचलली होती, असं आरोपपत्रात म्हटलं आहे. पण मत मात्र एकही बदललं नव्हतं. व्हिडिओतली चोरी हा नुसता देखावा होता. परदेशी मंडळींना मतं बदलायची गरजच नव्हती. मतं बदलली जातात असं लोकांना वाटलं, की त्यांचं काम झालं! म्हणजे "परदेशी लोकांनी निवडणूक हॅक केली" हा व्हिडिओ ज्यांनी विचार न करता पुढे पाठवला, ते कुणाचं काम फुकटात करत होते, सांगा बरं?

एकाच पक्षाची माणसं अशा कथांवर विश्वास ठेवतात, असं समजू नका. २०१६ साली ट्रम्प जिंकले, तेव्हा शंका दुसऱ्या बाजूला होत्या. रशियाने यंत्रं फिरवली असतील, असं तेव्हा हरलेल्या बाजूच्या पुष्कळांना वाटत होतं. विस्कॉन्सिन राज्यात सगळी मतं पुन्हा मोजायला लावली. जिंकलेल्या ट्रम्प यांचीच आघाडी १३१ मतांनी वाढली! रशियाने त्या वर्षी खोडसाळपणा केला होता हे खरं. इलिनॉय राज्याच्या मतदार यादीत त्यांचे हॅकर शिरले होते. पण मतं बदलल्याचा पुरावा तिथल्या संसदेच्या चौकशीतही मिळाला नाही.

आणि बांबूचं काय झालं? सप्टेंबर २०२१ मध्ये फिनिक्सचा अहवाल आला. आशियातून आलेल्या मतपत्रिकांचा त्यात मागमूस नव्हता. आणि मोजणीत? बायडेन यांची ९९ मतं वाढली, ट्रम्प यांची २६१ कमी झाली. ज्यांनी मोजायला लावलं, त्यांच्याच उमेदवाराची!

आपल्याकडे

हॉल्डरमन यांचा आपल्या देशाशी, थेट मुंबईशीही संबंध आहे. २०१० साली हैदराबादचे हरिप्रसाद, नेदरलंड्सचे रॉप गॉन्ग्राइप आणि हॉल्डरमन यांनी भारताचं खरं मतयंत्र उघडून दाखवलं, की ते हातात मिळालं तर त्यातला एखादा भाग बदलून निकाल फिरवता येतो. आता यंत्र त्यांना मिळालं कसं? ते मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेलेलं निघालं आणि त्यासाठी हरिप्रसाद यांना अटकही झाली. यंत्र बाहेर जाणं चूकच. पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. यंत्रावर विश्वास ठेवायचा, तर मतदाराच्या हाती पुरावा काय?

पुढे आपल्या यंत्रांनाही कागद आला. शेजारच्या त्या पेटीला व्हीव्हीपॅट म्हणतात. बटण दाबलं की काचेआड चिठ्ठी दिसते, सात सेकंद, मग ती खाली पेटीत पडते. २०१३ साली नागालँडच्या नोक्सेनच्या पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली. आणि सबंध राज्याची विधानसभा निवडणूक या पेटीने पहिल्यांदा कुठे झाली? आपल्या गोव्यात, फेब्रुवारी २०१७ मध्ये.

परदेशातल्या कथा आपल्याकडेही येतात. २१ जानेवारी २०१९ रोजी लंडनमध्ये एक पत्रकार परिषद झाली. तोंड झाकलेला एक माणूस अमेरिकेतून पडद्यावर आला आणि म्हणाला, २०१४ ची भारतातली निवडणूक हॅक झाली होती, यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी मी काम केलंय. पुरावा काय? त्या दिवशी काहीच दाखवला नाही. कंपनीने सांगितलं, हा आमच्याकडे कधी नोकरीला नव्हताच. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी त्याचाच आणखी एक व्हिडिओ फिरला, यंत्राच्या लहरी पकडून मतं फिरवतो असं सांगणारा. मुंबईच्या सायबर पोलिसांनी नोव्हेंबरच्या शेवटी गुन्हा नोंदवला. आयोगाचं म्हणणं असं, की आपलं मतयंत्र इंटरनेटला किंवा कुठल्याच जाळ्याला जोडलेलं नसतं.

आयोगाने म्हटलं म्हणून विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. मोजून बघायची सोय आहे का, ते विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितल्याप्रमाणे प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच पेट्यांतल्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ. गुणिले पाच, म्हणजे १,४४० पेट्या. २०२४ मध्ये त्या सगळ्यांचा हिशोब जुळला, असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. पाच पुरेत का, जास्त मोजाव्यात का, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात आणि घालावाच. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने आणखी एक वाट दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. महाराष्ट्रातल्या काही उमेदवारांनी ती मागितलीसुद्धा.

आई-बाबांनो, पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर "परदेशातून यंत्रं हॅक झाली" असं काही आलं, तर मुलांसमोरच दोन प्रश्न विचारून बघा. हे ज्याने सांगितलं त्याने स्वतः पाहिलं का? आणि हे खरं की खोटं, ते ठरवायला कुठला कागद उघडायचा? उत्तर मिळालं तर जरूर पुढे पाठवा.

आणि मुलांनो, तुमच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई निवडणुकीच्या कामाला जातातच. त्यांना अभिरूप मतदान म्हणजे काय, ते विचारा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर आम्ही निदान ५० खोटी-खोटी मतं टाकतो. मग यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळवून बघतो. यंत्रातली ती मतं पुसायची असतात, आणि चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या असतात. हा लिफाफा काळाच का असतो, तेवढं मात्र त्यांनाच विचारा.